किरणच्या नावाची मूठ

इंदुबाईला फसवणं सोपं काम नव्हतं. सुरतेच्या बमरोलीत खाडीच्या काठाला जी खालची गल्ली आहे, तिथं तिच्या दारापुढं लारी आली की भाजीवाला आपोआप तराजू सरळ धरायचा. साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी घ्यायची. गठ्ठे वाटणाऱ्या माणसानं एकदा मोजणीत लबाडी केली, तर तिनं त्याची स्कूटर दारात अडवून धरली आणि अख्खी गल्ली गोळा केली. तेव्हापासून तो तिच्या उंबऱ्यावर गठ्ठा स्वतः सोडून एकेक साडी पुढ्यात टाकायचा. शेठ, मुकादम, डॉक्टर, निवडणुकीत हात जोडत येणारे, सगळ्यांना ती एकाच नजरेनं बघायची. गल्लीतल्या पोरी तिला मागून सीबीआय म्हणत.

आणि हीच बाई आपल्या माणसांपुढं ठार आंधळी होती. भाऊबंदकीतल्या कुणी शब्द दिला की तिच्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ. बाकी जगावर तिनं जो संशय उधळला, त्यातला चिमूटभर जरी घरच्यांसाठी राखून ठेवला असता, तर तिचा एकुलता पोरगा किरण आज तुरुंगात नसता.

तिचा जेठ बन्सीलाल आणि नवरा आनंदा हे भाऊ शिंदखेड्याकडचे, विहिरी खणणारे. पहार कुठं मारली की कातळ सुटतो, पाणी कुठल्या अंगानं येईल, हे दोघांच्या हातांना कळायचं. लग्न ठरवताना इंदुबाईच्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं, या घराला कामाचा तोटा नाही, पाणी तर सगळ्यांनाच लागतं. ते खोटं ठरायला फार दिवस लागले नाहीत. पाऊस मागंपुढं व्हायला लागला. एका वर्षी आला तो असा आला की पिकाबरोबर मातीही घेऊन गेला, आणि पुढं दोन वर्षं नुसतं आभाळ भरून यायचं. जमिनीतलं पाणी इतकं खाली गेलं की माणसानं खणून तिथवर पोचायचा प्रश्नच उरला नाही. बोअरच्या गाड्या आल्या. ज्यांना जमलं त्यांनी खोल भोकं पाडली, ज्यांना जमलं नाही ते टँकरपुढं भांडायला लागले, आणि विहीर खणणाऱ्याला कुणी हाक मारेना.

बन्सीलाल आधी सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, चिकटला. मग त्यानं आनंदाला आणलं, मग चुलतभावांना. हळूहळू खालच्या गल्लीत एकाच घराण्याच्या पाच खोल्या झाल्या. तिथंच का, तर भाडं परवडायचं. भाडं का परवडायचं, तर जागा खोलगट. ज्याला उंचावर राहणं जमतं त्याच्या घरात पाणी शिरत नाही, हे सुरतेत शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतं.

आनंदा गेला तो उन्हानं. डॉक्टरांनी कागदावर काहीही लिहू दे, इंदुबाईला माहीत होतं तो कशानं गेला. खात्याला पत्र्याचं छप्पर, आणि वाऱ्यानं धागे तुटतात म्हणून खिडक्या बंद. पूर्वीही मे महिना यायचा, पण रात्री भिंती निवायच्या आणि माणूस सकाळी पुन्हा उभा राहायचा. अलीकडं रात्रीही भिंतीला पाठ लावता येत नव्हती. अशाच एका दुपारी आनंदा दोन लूमच्या मधल्या बोळात खाली बसला आणि उठला नाही. खात्याचा शेठ म्हणाला, पहिल्यापासून काही दुखणं असेल. बन्सीलाल त्याच्या ऑफिसात जाऊन ओरडला, क्रियाकर्म त्यानं केलं, आणि किरण हाताशी आल्यावर त्याला आपल्याच खात्यात लावून घेतलं. पुष्पाबाईनं, म्हणजे बन्सीलालच्या बायकोनं, वर्षभर इंदुबाईला एकटीनं चूल पेटवू दिली नाही. हे सगळं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

आता खाडीचं. खाडी म्हणजे शहराचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढाच. आधी पाऊस आठवडाभर रिमझिमत राहायचा, खाडी सावकाश चढायची आणि सावकाश उतरायची. आता तो सगळा एका सकाळीच कोसळतो. त्यात वरच्या वळणावर खोलीमालक शेठनं खाडीतच भराव टाकून प्लॉट पाडले. खालच्या आणि वरच्या, दोन्ही गल्ल्यांतल्या खोल्या याच शेठच्या. वरच्या गल्लीत बहुतेक उडिया कारागीर राहतात. ती गल्ली नावालाच वरची. चढ असेल हातभराचा. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याही चुली बुडाल्या, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून दोन गल्ल्यांच्या मध्ये विटांची भिंत घातली. यंदा खाडी चढली की पाणी त्या भिंतीला अडून खालच्या गल्लीत तुंबणार, हे उघड होतं. भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायका हंड्याला हंडा लागला तरी एकमेकींच्या आया काढू लागल्या. भराव टाकणाऱ्याला मात्र कुणी जाऊन विचारलं नाही. तो लांब होता, आणि भिंत डोळ्यांपुढं.

आषाढात तो दिवस आला. सकाळी लोक दात घासत होते तोवर पाणी पायरीला, आणि चहा उकळेपर्यंत कॉटला. इंदुबाईची साड्यांचा गठ्ठा ठेवलेली पेटी तरंगायला लागली. पाणी कुठंच जात नव्हतं. बन्सीलाल पहार घेऊन भिंतीकडं निघाला तेव्हा गल्लीतल्या बायका ओरडत होत्या, "फोडा! फोडी टाका!" त्यात इंदुबाईचाही आवाज होता, आणि चांगला मोठा होता.

तिचा किरण त्या वेळी तिथं नव्हता. पुष्पाबाईचे गुडघे धरलेले, पाण्यात तिला पाऊल टाकवेना. पुतण्यानं तिला पाठीवर घेतलं आणि कमरेइतक्या पाण्यातून मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत नेलं. तिला शाळेच्या जिन्यावर बसवून तो मागं वळला तेव्हा भिंत पडून गेली होती.

विहीर खणणाऱ्याचा हात. बन्सीलालनं पायाशी नेमका घाव घातला आणि भिंत अख्खी पलीकडं कोसळली. पलीकडं वरच्या गल्लीतल्या सबिताचा नवरा वाळूची पोती रचत होता. पाय असा चेचला की तो माणूस पुन्हा लूमवर उभा राहील असं कुणी म्हणत नाही. पाणी ओसरल्यावर दगडफेक झाली, दोन्हीकडं डोकी फुटली, पोलीस आले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी किरणला खात्यातूनच उचललं. भिंत यानंच फोडली म्हणे.

इंदुबाई वेडी व्हायची बाकी राहिली. पण बन्सीलालनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, काळजी करू नको, पोऱ्या आपला आहे. शुक्रवारी जामिनाची तारीख आहे. पुष्पा वकिलासमोर उभी राहील आणि सांगेल की भिंत पडली तेव्हा मी याच्या पाठीवर होते. एवढं पुरे. कुणी फोडली ते सांगायची गरज नाही. इंदुबाईलाही ते पटलं. पोलिसांनी तिला विचारलं होतं, कुणी फोडली? ती म्हणाली, पाण्याच्या गडबडीत दिसलं नाही. जेठाचं नाव घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. पोरगा सुटेल आणि जेठही वाचेल, असा सरळ रस्ता असताना आडवाटेनं कशाला जायचं?

शुक्रवारचा आदला दिवस. श्रावण लागला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी येते, आणि खानदेशी माणूस सुरतेत असो नाहीतर आणखी कुठं, त्या दिवशी सगळी भाऊबंदकी एका छपराखाली बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळून देवीचा रोट करायचा. रोटाचे नियम कडक. तो घराण्यातल्यांनीच खायचा. परक्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. टाकायचा नाही आणि शिळा ठेवून उरवायचाही नाही. म्हणून या घराण्यात एक बारीक व्यवहार चालत आलेला होता. जो पुरुष रविवारी पानावर बसणार, त्याचंच माप धरायचं. गावाकडं राहिलेला, परगावी कामाला गेलेला, त्याची मूठ काढायची नाही, नाहीतर उरलेल्याचं करायचं काय?

पुष्पाबाईच्या खोलीत सगळ्या जावा निवडलेले गहू घेऊन बसल्या होत्या. भिंतींवर पुराची ओल अजून कमरेइतकी दिसत होती. पुष्पाबाई थोरली, तेव्हा मूठ तिच्या हाताची. ती एकेक नाव घ्यायची, मूठभर गहू पांढऱ्या फडक्यावर सोडायची आणि वर चिमूट टाकायची. आधी बन्सीलाल, मग त्याची पोरं, मग चुलतदीर, त्यांची पोरं, परवा जन्मलेला नातूसुद्धा. इंदुबाई मनातल्या मनात बरोबर नावं घेत होती. नातवाची मूठ झाली आणि पुष्पाबाईनं फडक्याची गाठ मारायला घेतली.

"बाई, मना किरणनं माप ऱ्हायनं," इंदुबाई हसून म्हणाली. थोरलीचं वय झालं, विसरली असेल, इतकंच तिला वाटलं.

पुष्पाबाई गाठ मारता मारताच बोलून गेली, "तो थोडाच येवाव शे रविवारले! रोट उरना तर कोणले देवाना?"

बोलली आणि तिचे हात थांबले. खोलीतल्या कुणीही वर बघितलं नाही. एकीनं सूप उचललं, एकीला बाहेर पोर रडल्याचं ऐकू आलं. गल्लीत एकही पोर रडत नव्हतं.

इंदुबाईला कळायला वेळ लागला. उद्या शुक्रवार. उद्या पुष्पाबाई वकिलासमोर उभी राहणार, पोरगा सुटणार, आणि रविवारी पानावर बसणार. मग ही त्याची मूठ का काढत नाही? देवीच्या गव्हाला हात लावून बाई खोटं माप धरणार नाही. पुष्पाबाई असलं पाप करणारी नव्हती. रोट उरण्याचं पाप तिला लागत होतं, पोराचं लागत नव्हतं.

"तू उद्या येवाव नही," इंदुबाई म्हणाली. तो प्रश्न नव्हता. पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मना पोऱ्याना पाठवर बठीसन गयी व्हती ना तू?"

"गयी व्हतू," पुष्पाबाई म्हणाली. "नही म्हणत नही मी."

"मंग?"

तेवढ्यात बन्सीलाल पाळीवरून आला. दारातच त्यानं खोलीचा रंग ओळखला. जावा एकेक करून निघून गेल्या. तो खाली बसला, पाणी प्यायला, आणि समजावणीच्या सुरात बोलू लागला. लहानपणी रुसलेल्या किरणला तो याच सुरात समजवायचा.

"किरणनी माय, आयकी ले. वरला लोकेसनी किरणनंच नाव दिधं. मी काय करू? पुष्पानी तोंड उघडं तर पोलीस इचारतीन, मंग भित कोणी फोडी? मनं नाव ई. मना मांगे अख्खा संसार शे. किरण जवान शे, एकटा शे, सुटी जाई."

एकटा आहे. म्हणजे मागं कुणी विचारणारं नाही. ज्याचा बाप याच माणसाबरोबर खात्यात राबताना गेला तो पोरगा एकटा होता म्हणून स्वस्त पडला, हे इंदुबाईला त्या एका शब्दात दिसलं.

बन्सीलालला वाटलं ती ऐकते आहे. तो आणखी जवळ सरकला. खोलीमालक शेठनं दोन्ही गल्ल्यांत समाधान, म्हणजे तडजोड, घडवून आणलं होतं, त्यानं सांगितलं. भांडण मिटलं तर पलीकडच्या रस्त्याला जी नवी चाळ बांधली आहे, तिथं पाचही घरांना खोल्या मिळणार होत्या. याच भाड्यात.

"तुलेबी खोली शे. दुसरा माळावर. पानी कधीच येवाव नही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरीची माया होती. तिच्यासाठीही आपण काहीतरी मिळवलं, असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं. केसानं गळा कापणारा हात असा मऊच असतो.

शेठ कसला दानशूर! प्रकरण वाढलं असतं तर पाणी तुंबलं कशानं, खाडीत भराव कुणी टाकला, हे कुणीतरी विचारलं असतं. एका तापट पोरानं रागाच्या भरात भिंत फोडली, एवढ्यावर निभावलं तर सगळ्यांचंच भलं. पाच खोल्या त्या मानानं काहीच नव्हत्या. बन्सीलालला हे कळत नव्हतं असं नाही. पाण्याची वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? पण दोनदा घर सोडावं लागलेल्या माणसाला कोरडी जमीन दिसली की त्याला बाकीचं दिसेनासं होतं. हे समजून घेता येतं, माफ मात्र करता येत नाही.

इंदुबाई उठली आणि पडक्या भिंतीच्या विटांवरून थेट वरच्या गल्लीत शिरली. गेल्या वर्षभरात खालच्या गल्लीतलं कुणी असं गेलं नव्हतं. सबिता दारात भांडी घासत होती. आत कॉटवर तिचा नवरा पाय उशीवर ठेवून पडलेला. इंदुबाईला बघून सबिता राखेच्या हातांनीच उभी राहिली.

इंदुबाईचं हिंदी बाजारापुरतं. तरी तिनं विचारलं, तुम्ही माझ्या पोराचंच नाव का दिलं? तुमचा माणूस पडला त्याचं मला दुःख आहे, पण माझा पोरगा तिथं नव्हता.

सबिता तिच्याकडं बघतच राहिली. "हमने किसी का नाम नहीं दिया, दीदी. हमको तो आपके लडके का नाम भी मालूम नहीं था. इन्होंने बोला था, एक बूढा आदमी था, हाथ में सब्बल थी. शेठ की ऑफिस में बैठे, तब नाम आपके घर से आया."

आतून तिचा नवरा काहीतरी उडियात बोलला. सबितानं मान डोलावली. "आपके जेठ ने खुद बोला," ती म्हणाली, "मेरा भतीजा है, गरम दिमाग का है."

इंदुबाई तिथंच पायरीवर बसली. सबितानं हात धुऊन तिला पाणी दिलं. हीच बाई नळावर तिला काय काय बोलली होती, आणि इंदुबाईनंही काही बाकी ठेवलं नव्हतं. हे कोर्टात सांगशील का, असं इंदुबाईनं विचारलं, तेव्हा सबितानं कॉटकडं बघितलं. दवाखान्याचं सगळं शेठ करत होता. तोंड उघडलं की ते बंद. तिनं तसं स्पष्ट सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. इंदुबाईला तिचा रागही आला नाही. परक्या बाईनं जितकं खरं तोंडावर सांगितलं तितकं घरातल्या एकानंही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी ती एकटी कोर्टात गेली. वकिलाला म्हणाली, मी सांगते कुणी फोडली ते. बन्सीलाल, माझा सख्खा जेठ. वकील तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, मावशी, पोलिसांना तुम्ही सांगितलंय की दिसलं नाही. आता आई पोराला वाचवायला बोलते असंच सगळे म्हणतील. ज्यांना पाठीवरून नेलं त्या बाई आल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. जेठाला वाचवायला बोललेलं खोटं असं तिच्याच पोराच्या आड आलं. पुढची तारीख श्रावणानंतरची पडली.

गाडीत चढवायच्या आधी किरणला घटकाभर तिच्याशी बोलू दिलं. दाढी वाढली होती. त्यानं तिच्या मागं गर्दीत बघितलं.

"मोठमाय उनी का?"

"तिना गुडघा दुखी ऱ्हायना," इंदुबाई म्हणाली.

"मंग नको आनू तिले. पायऱ्या लई शेत इथं," किरण म्हणाला, आणि पोलिसानं त्याला वर ढकललं. इंदुबाई त्या पायऱ्यांवर बसून मोठ्यानं रडली. ज्या बाईनं त्याला विकलं तिच्या गुडघ्यांची काळजी करत पोरगा तुरुंगात गेला, आणि त्याला खरं सांगायचं धाडस आईला झालं नाही.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, चुनरी, दोन्ही अंगांना केळीचे खांब. बायका गाणी म्हणत होत्या. संध्याकाळी इंदुबाई गेली. ती येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, त्यामुळं ती दारात दिसल्यावर गाणं मध्येच तुटलं आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झालं. ती गेली कारण रोटाला न जाणं म्हणजे घराण्यातून उठणं, आणि तसं उठायचं तर ते सगळ्यांदेखत उठावं, असं तिनं ठरवलं होतं. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात अजून वाटत होतं की देवीपुढं तरी पुष्पाबाईचं काळीज हलेल. सवय एवढ्यात जात नाही.

पुरुषांची पंगत बसली. ताटात रोट पडले, जेवण झालं, मग बायका आपापल्या घरच्या पुरुषांच्या ताटांवर बसल्या. इंदुबाईच्या घरचं ताटच नव्हतं. सगळ्यांच्या ते लक्षात आलं आणि सगळे दुसरीकडं बघू लागले. शेवटी पुष्पाबाईनंच बन्सीलालच्या ताटातला तुकडा उचलला आणि इंदुबाईच्या हातावर ठेवला.

"खाय, इंदू. देवीना प्रसाद शे."

इंदुबाईनं तुकड्याकडं बघितलं. भूक होती. शुक्रवारपासून तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. तिनं तो तुकडा परत पुष्पाबाईच्या हातात दिला.

"किरणनं माप धरं नही, मंग त्यानी मायनंबी धरू नको."

ती उठली. बन्सीलाल ताडकन उभा राहिला. म्हणाला, देवीपुढं असं करू नये, घराला लागतं. चुलतदीर काहीतरी पुटपुटले. पुष्पाबाई हातातला तुकडा धरून कावरीबावरी झाली. तिचं स्वतःचं खाऊन झालं होतं, बाकीच्यांचंही झालं होतं, आणि हा एक तुकडा राहिला होता.

"इंदू, हाऊ उरना ना आते," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हाऊ कोणी खावाना?"

इंदुबाई दारात चपला घालत होती. तिनं वळून थोरल्या जावेकडं बघितलं, आणि एकदा, शेवटचं, सगळं विसरून विचारलं.

"चाल मनासंगे वकीलकडे. परत उनूत का आपण दोन्ही मिळीसन खाऊत."

बाहेर पावसाची सर येऊन गेली होती आणि गल्लीत पायाच्या घोट्याएवढं पाणी साचलं होतं. इंदुबाई त्या पाण्यात बराच वेळ उभी राहिली. आत गाणं पुन्हा सुरू झालं. पुष्पाबाई तुकडा हातात घेऊन होती तिथंच बसून राहिली.